नियोजित सूतगिरणीची चालू मोटार

मोटार ही माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी वस्तू आहे, असा समज ज्यांच्याकडे मोटार नाही अशा लोकांत सर्वत्र आढळतो. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना ठाऊक असते की मोटार ही मुख्यतः बसण्याची वस्तू आहे. पाट, चौरंग, गादी, खुर्ची आणि मोटार असा तिचा विकासक्रम आहे. यांपैकी फक्त मोटारीलाच दारे असल्यामुळे आत कोण आणि बाहेर कोण हे लांबूनसुद्धा स्वच्छ दिसते. आधुनिक काळात मोटारीला जे महत्त्व आले ते यामुळेच.

हा सिद्धांत मला कोणी शिकवला नाही. १९७३ साली भोकरदन तालुक्यात धावडा मुक्कामी स्थापन झालेल्या डोंगरकाठ शेतकरी सहकारी सूतगिरणीचा (नियोजित) मी मानद चिटणीस होतो, आणि आमच्या संस्थेच्या मोटारीत मागच्या सीटवर मधोमध मला जागा होती. (तिथे पायाखाली उंचवटा येतो, म्हणून ती चिटणिसाला देतात.)

सूतगिरणीने आधी मोटार का घेतली, असे काही लोक विचारत. त्याचे उत्तर सरळ आहे. गिरणी काढायला परवाना लागतो. परवाना मुंबईला मिळतो. मुंबईला जायला जालन्याच्या स्टेशनावर जावे लागते. स्टेशनावर चेअरमनसाहेबांनी एस.टी.तून टोपलेवाल्यांच्या गर्दीत उतरणे बरे दिसत नाही. सबब मोटार. शेअरच्या पहिल्या हप्त्यातून जालन्याच्या एका सरकीच्या व्यापाऱ्याची चार दारांची काळी मोटार घेण्यात आली. ती घेतल्यावर मुंबईच्या तिकिटापुरतेही काही उरले नाही, त्यामुळे परवान्याचे राहिले. परंतु गिरणीची जागा, इमारत, यंत्रे आणि सूत ही सर्व अंगे नियोजित असताना निदान एक अंग रस्त्यावर उभे आहे, याचे सभासदांना मोठे समाधान होते. इमारत नसल्याने संस्थेचे नोंदणीकृत कार्यालयही मोटारीतच ठेवले. घटनेप्रमाणे संचालक सात होते. त्यांची संख्या मोटारीत मावतील इतकी करण्यात आली.

चेअरमन मच्छिंद्रराव हे धावड्याचे मोठे बागाईतदार. माणूस अतिशय गोड. कोणाला नाही म्हणायचे नाही आणि हो म्हटलेले करायचे नाही, असा समतोल त्यांनी आयुष्यभर सांभाळला. ड्रायव्हर म्हणून त्यांनी वसंताला घेतले. वसंता आमच्या शाळेतल्या कांताबाईंचा धाकटा भाऊ. मॅट्रिक झालेला, जालन्याला ट्रकवर काम केलेला आणि फार न बोलणारा मुलगा. त्याची नेमणूक गुणांवर झाली. अर्ज एकच आला होता.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. आधुनिक प्रवासी मोटार कशी चालवावी, तिची निगा कशी राखावी आणि सुरक्षित कसे राहावे, याची सर्व माहिती तीत होती. कांताबाईंनी ती मंडळासमोर मराठीत वाचून दाखवली, आणि मंडळाने स्थानिक परिस्थितीनुसार योग्य ते फेरफार करून ती मंजूर केली. उदाहरणार्थ, मोटार सुरू करण्यापूर्वी मागे कोणी नाही याची खात्री करून घ्यावी, असे पुस्तिकेत होते. आमच्याकडे ते "मागे कोणी आहे याची खात्री करून घ्यावी" असे दुरुस्त करावे लागले.

याचे कारण बॅटरी. बॅटरी चांगली होती, पण ती संस्थेच्या लाऊडस्पीकरलाही लागे. मच्छिंद्ररावांचे भाषण झाले की तिच्यात जेमतेम ठिणगीपुरता जीव राही. इंजिन उचलण्याची ताकद उरत नसे. पुढून फिरवायचे लोखंडी हँडल होते, पण त्याने पहिल्याच आठवड्यात उलटा झटका देऊन व्हाइस चेअरमनांचे मनगट सुजवले, म्हणून सुरक्षिततेच्या दृष्टीने ते विहिरीवर पोहरा अडकवण्यासाठी देऊन टाकले. राहता राहिला धक्का. सभासदांनी मागून ढकलायचे, वसंताने गिअर टाकून ठेवायचा, आणि मोटार दोनचार आचके देऊन बोलू लागली की निघायचे.

बाकीच्या कलमांना फारसा धक्का लागला नाही. आरसा मागचे दिसण्यासाठी असतो असे पुस्तिका म्हणते. तो मच्छिंद्ररावांची टोपी दिसेल असा वळवून घेतला. टायरमधील हवेपेक्षा गावातील हवा रोज तपासावी असे ठरले. हॉर्न बॅटरी खातो म्हणून डाव्या बाजूच्या संचालकांनी खिडकीतून डोके काढून ओरडावे, असा ठराव झाला. रेडिएटरला पाणी वेळेवर द्यावे, हे कलम तर आम्ही इतके कसोशीने पाळले की दुष्काळाच्या झळीत गावात टँकर आला तरी पहिली घागर मोटारीची असे. सुरक्षिततेबाबत सांगायचे तर पाच वर्षांत या मोटारीला एकही अपघात झाला नाही. त्याच काळात तालुक्यात सायकलीवरून पडलेले, बैलाने मारलेले आणि न्हाणीत पाय घसरलेले लोक पुष्कळ होते. त्यावरून मोटार ही न्हाणीपेक्षा सुरक्षित आहे असे दिसून येते.

एकच अडचण होती. धक्क्याने सुरू झालेली मोटार थांबवली की बंद पडे. त्यामुळे एकदा सुरू झाल्यावर ती थांबवायची नाही हा पहिला नियम झाला. ढकलणारे जिथल्या तिथे राहत, आणि धूळ बसल्यावर आपापल्या कामाला जात. पहिल्या वर्षी काही जण "आम्हाला भोकरदनपर्यंत न्या" म्हणून मागे धावले. दुसऱ्या वर्षापासून कोणी धावेना. सभासदांमध्ये शिस्त येते ती अशी.

आता कडूबाची हकीकत. ती सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

कडूबा हा संस्थेचा एका शेअरचा सभासद. चार एकर कोरडवाहू, खांदे मात्र बागाईत. मोटारीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला त्याचा हात लागला की बाकीच्यांनी नुसता हात टेकला तरी चाले. शेअरचे सर्टिफिकेट त्याने काच लावून भिंतीवर टांगले होते, आणि तो स्वतःला मोटारमालक समजे. कायद्याने ते खरेच होते. त्याची बायको गोजरबाई मात्र कायद्याची माणूस नव्हती. मोटारीचा मालक घरी येतो तो उकिरड्यात लोळलेल्या गाढवासारखा का दिसतो, असे ती आल्यागेल्याला विचारी.

इथवर काही बिघडले नव्हते. बिघडले ते असे की मुलीचे, शिवकन्येचे, लग्न ठरवताना कडूबाने व्याह्यांसमोर "आमच्याकडं मोटार हाय" असे सांगितले. व्याही पुंजाराम हे परतूर तालुक्यातल्या आष्टीचे. बाजारात धान्याचे दुकान, घरात बोलके तोंड. लग्नात मोटार दिसली नाही. पुढे नागपंचमीला दिसली नाही, दिवाळीलाही नाही. शिवकन्या माहेराहून एस.टी.ने परत आली की पुंजाराम दारातच विचारी, बापाची मोटार पंक्चर आहे का? मग सासू हसे, दीर हसे, दुकानात आलेले गिऱ्हाईकही हसे. तीन वर्षे पोरीने ते ऐकून घेतले. सत्त्याहत्तरच्या दिवाळीलाही ती एस.टी.नेच आली. निघायच्या दिवशी पिशवी उचलताना ती बापाला म्हणाली,

"आबा, एकदा तरी मोटार घेऊन या. न्हाई जमत तर मंग हाय म्हणू नका."

कडूबा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मच्छिंद्ररावांकडे गेला आणि आष्टीला जायला मोटार मागितली. मच्छिंद्ररावांनी त्याला चहा पाजला आणि "तुझीच तर मोटार हाय, कडूबा" असे म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मोटार दिली नाही. कारणे तीन होती. एक, आत बसण्याचा अधिकार संचालकांनाच आहे. दोन, आष्टी परभणी जिल्ह्यात येते आणि संस्था औरंगाबाद जिल्ह्यातली आहे. तीन, कडूबा आत बसला तर उजवा कोपरा कोण ढकलणार? तिसरे कारण ऐकून कडूबाला थोडा अभिमानही वाटला, असे तो मला नंतर म्हणाला.

याच सुमारास संस्थेची वार्षिक सभा भरली. आणीबाणी उठून काही महिने झाले होते आणि प्रश्न विचारायला पुन्हा परवानगी मिळाली होती. तरी सवय मोडल्यामुळे कोणी काही विचारेना. शाळेच्या पटांगणात मोटार उभी होती. मंडळ आत बसले होते, सभासद बाहेर. (सर्वसाधारण सभा याचा अर्थच तो आहे.) मच्छिंद्ररावांनी खिडकीतून माइक धरून प्रगतीचा अहवाल वाचला. मग कांताबाई उठल्या. त्यांचाही एक शेअर होता. पदर खोचून, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा शांतपणे त्यांनी विचारले,

"आण्णा, मोटार कुणाची हाय?"

"सभासदांची," मच्छिंद्रराव म्हणाले.

"मंग सभासद कुठं बसतेत?"

"मागं."

"मागं म्हंजे आतल्या मागं, का बाहेरच्या मागं?"

लाऊडस्पीकर चालू असल्यामुळे हा प्रश्न पार डोंगरापर्यंत गेला आणि परत आला. पटांगणात खसखस पिकली. मच्छिंद्ररावही हसले. पुढच्या वर्षी निवडणुका येणार होत्या, आणि हसणाऱ्या सभेतून उठून गेलेला माणूस मत देत नाही हे त्यांना माहीत होते. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले की ढकलणाऱ्या सभासदांचा एक प्रतिनिधी यापुढे संचालक म्हणून आत घेतला जाईल. कांताबाईंनी कडूबाचे नाव सुचवले. टाळ्या पडल्या. व्हाइस चेअरमनांचे मनगट थंडीत दुखतच होते, त्यांनी जागा रिकामी करून दिली.

कडूबा संचालक झाला. पहिला ठराव त्यानेच मांडला. नुसते मुलीकडे जायचे म्हणून जिल्ह्याबाहेर जाणे नियमात बसत नव्हते, तेव्हा मी "परभणी जिल्ह्यातील कापूस परिस्थितीची पाहणी, मुक्काम आष्टी" असे शब्द घातले. मच्छिंद्ररावांनी सही केली. ते स्वतः येणार नव्हते. एकच अट त्यांनी घातली की मोटार मध्येच बंद पडू द्यायची नाही. परमुलखात ढकलायला आपले सभासद नसतात. संस्थेतर्फे मी, चालक म्हणून वसंता, संचालक कडूबा, आणि खास बाब म्हणून गोजरबाई, असे चौघे जायचे ठरले.

निघायच्या सकाळी गोजरबाई ठेवणीतले हिरवे लुगडे नेसल्या होत्या. हातात टोपले, टोपल्यात लेकीसाठी करंज्या आणि वाटेसाठी धपाटे. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे धक्क्याला माणसे कमी आली. जी आली ती म्हातारी, आणि सगळ्यांत जोर असलेला माणूस आज आत बसलेला. गोजरबाईंनी टोपले मागच्या सीटवर ठेवले आणि आत पाय टाकणार तोच बाहेरच्यांनी पहिला जोर लावून पाहिला. मोटार हलली, बोलली नाही. दुसऱ्यांदाही नाही. कडूबाने सवयीने दाराला हात घातला. संचालकाने ढकलण्यासाठी उतरू नये असा नियम आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. त्याने हात मागे घेतला आणि बायकोकडे पाहिले.

"वाईच हात लाव. सुरू झाली की बस," तो म्हणाला.

"मी बसाया आले का ढकलाया?"

"अगं, लेकीसाठी चाललो न्हवं."

लेकीचे नाव निघाले तशा गोजरबाई मागे वळल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, उजव्या कोपऱ्याला गेल्या आणि असा काही जोर लावला की मोटार एकाच आचक्यात बोलू लागली. वेस उताराची आहे. बघता बघता आम्ही वेशीबाहेर.

वसंताने मान न वळवता विचारले, "थांबवू का, मामा?"

कडूबाने मागे वळून पाहिले. धुळीच्या लोटात हिरव्या लुगड्याचा एक हात वर झालेला दिसत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. मला वाटते त्या वेळी तो थांब म्हणणार होता. पण इंजिन फार चांगले चालले होते. इतके चांगले ते मी कधी ऐकले नव्हते.

"चालू हाय तवर चालू दे," कडूबा म्हणाला. "ती यील मागून."

संचालकपदाची जबाबदारी समजायला मच्छिंद्ररावांना दोन वर्षे लागली होती. कडूबाला वेशीपर्यंतचे अंतर पुरले.

भोकरदनच्या बाजारातून आम्ही खिडकीतून ओरडत निघून गेलो. राजूरच्या चढाला रेडिएटर उकळला. तिथल्या गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या एका वऱ्हाडाने आम्हाला ढकलले. नवरदेवाने मुंडावळ्या वर बांधून हात लावला. त्या वेळी कडूबा आत अवघडून बसला होता आणि दर पावलाला "तसदी देऊन राह्यलो, माफ करा" असे म्हणत होता. जालन्याच्या अलीकडे पुन्हा बंद पडली तेव्हा शाळेची पोरे आली. कडूबाने त्यांना खिडकीतून "शाब्बास" म्हटले. रेल्वे फाटकापाशी हमाल आले, तेव्हा तो मला हलक्या आवाजात म्हणाला की डाव्या बाजूचे लोक जोर चोरून राह्यलेत. वाटूरपाशी ढकलणाऱ्यांना ढकलायचे शास्त्रच कळत नाही, असे त्याचे मत पडले. परतूरच्या वेशीवर लोक मोटार ढकलत असताना त्याला झोप लागली.

संध्याकाळ झाली होती. दिवे लावले तर बॅटरी जाते, म्हणून कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात मुक्काम केला. धपाटे दुपारीच संपले होते. करंज्या पाहणीच्या कामी लागल्या. (मी दोनच घेतल्या.)

इकडे गोजरबाईंनी काय केले, ते मला शिवकन्येकडून कळले. धूळ बसेपर्यंत त्या वेशीत उभ्या राहिल्या. मग लुगडे झटकले, पदराची गाठ सोडून पाहिली आणि फाट्यावर जाऊन एस.टी.ला हात केला. भोकरदनला बदलली, जालन्याला बदलली, परतूरला बदलली, आणि आम्ही जिनिंगच्या आवारात करंज्या मोजत होतो त्या वेळी त्या आष्टीला लेकीच्या दारात पोचल्या होत्या. रिकाम्या हाताने.

पुंजारामने त्यांना पाणी दिले आणि विचारले, "विहीणबाई, मोटार कुठं हाय?"

शिवकन्या दाराच्या आड उभी होती. ती म्हणते, त्या क्षणी तिला जमिनीत जावेसे वाटले. गोजरबाईंना नवऱ्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ होते, आणि वाटेत तीन गाड्या बदलताना त्यांनी ते मनाशी नीट लावूनही ठेवले होते. परंतु त्या शांतपणे तांब्या खाली ठेवून म्हणाल्या,

"येऊन राह्यली. मोटारीला येळ लागतो."

पुंजाराम हसला. रात्री जेवताना तो आणखी दोनदा हसला.

दुसऱ्या दिवशी आष्टीचा बाजार होता. गावाअलीकडच्या ओढ्यात मोटारीची चाके वाळूत रुतली आणि इंजिन गप्प झाले. वसंता माणसे आणायला बाजारात गेला. तिथे पहिल्याच दुकानात त्याने विचारले, धावड्याची मोटार ओढ्यात अडकली आहे, कोणी धक्का द्यायला येईल का? ते दुकान पुंजारामचे होते. पुंजारामने तराजू खाली ठेवला. मोटार आहे म्हणजे आहेच, असे त्याच्या तोंडावर प्रथमच उमटले. तो दुकान उघडे टाकून निघाला, आणि त्याच्या मागे अर्धा बाजार निघाला.

ओढ्यावर व्याह्यांची भेट झाली. कडूबा खिडकीतून नमस्कार करून म्हणाला, उतरलो असतो, पण नियम नाही. पुंजारामला ते पटले. इतक्या मोठ्या वस्तूला नियम असणारच. त्याने धोतर खोचले आणि स्वतः उजवा कोपरा धरला. वीस-पंचवीस माणसांनी "हाऽऽ" करून जोर लावला, मोटार वाळूतून निघाली, आचके दिले आणि बोलू लागली. अर्थातच आम्ही थांबलो नाही. व्याही आणि अर्धा बाजार धुळीत उभे राहिले.

मोटार बाजारातून गेली तेव्हा कोंबड्या, टोपल्या आणि माणसे दोन्ही बाजूंना झाली. शिवकन्येचे घर मारुतीच्या देवळासमोर. आवाज ऐकून ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला दारात आली. मोटार तिच्यासमोरून निघून गेली.

"बरी हायस का, पोरी?" असे कडूबाने विचारले खरे, पण "पोरी" हा शब्द शेजारच्या दाराला गेला.

थांबावे तर बंद पडणार. वसंताने देवळाला वळसा घातला. दुसऱ्या फेरीला शिवकन्या म्हणाली, "बरी हाय, आबा." तिसऱ्या फेरीला कडूबाने जावयाची खुशाली विचारली आणि चौथ्या फेरीला उत्तर मिळाले. तोवर देवळाभोवती गाव गोळा झाले होते. म्हाताऱ्या बायकांनी प्रदक्षिणा घालणाऱ्या मोटारीला हात जोडले. पाचव्या फेरीला "माय कालच आलीया" असे शिवकन्येने सांगितले, आणि कडूबाचा चेहरा उतरला. सहावी फेरी त्याने खाली मान घालून काढली.

सातव्या फेरीला गोजरबाई घरातून बाहेर आल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. कमरेवर हात. वसंताने नियम आठवून पाहिला, मामींकडे पाहिले आणि ब्रेक दाबला. चार वर्षे फारसा वापरला न गेल्यामुळे ब्रेक कोरा करकरीत होता. मोटार गोजरबाईंच्या गुडघ्यापासून वितीवर थांबली आणि बंद पडली. एकदम शांत झाले.

"उतरा आता," गोजरबाई म्हणाल्या. "आन् माझं टोपलं काढा."

कडूबा उतरला. दोन दिवस बसून त्याचे पाय आखडले होते, तो लेकीच्या खांद्याला धरून उभा राहिला. त्याने टोपले काढून दिले. गोजरबाईंनी आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी कापूस परिस्थितीची पाहणी करू लागलो.

एवढ्यात पुंजाराम येऊन पोचला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ, धाप लागलेली. तो मोटारीभोवती एकदा हिंडला, बॉनेटला हात लावून चटका बसला का ते पाहिले, टायरला बोटाने टिचकी मारली. सगळे गाव त्याच्या तोंडाकडे बघत होते. शिवकन्येने तांब्या दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"खरी हाय," पुंजाराम म्हणाला. "मी सोता ढकलली."

त्या दिवसापासून शिवकन्येला घरात कोणी मोटारीवरून बोलले नाही. उलट दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पुंजाराम आपण सुनेच्या बापाची मोटार ओढ्यातून कशी काढली ते सांगे, आणि पुरावा म्हणून तळहाताचा फोड दाखवी. तो फोड त्याने बरेच दिवस बरा होऊ दिला नाही. जेवणे झाल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारले की परभणी जिल्ह्यातल्या माणसाला संस्थेचा शेअर मिळतो का. मी म्हटले, जरा अवघड आहे, पण तुमच्यासाठी बघू. संध्याकाळपर्यंत ओढ्यावर आलेल्या निम्म्या लोकांनी तेच विचारले. गिरणी कधी निघणार हे त्यांतल्या एकानेही विचारले नाही.

परत निघताना पुंजारामने विहीणबाईंसाठी मोटारीचे दार स्वतः उघडले. गोजरबाई आत बसल्या. गादी हाताने दाबून पाहिली, काच वरखाली केली, आरशात कुंकू नीट केले. मग उतरून म्हणाल्या की गादी चांगली आहे, आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. कडूबा थोडा वेळ मोटारीकडे आणि थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग रिकामे टोपले उचलून तो त्यांच्या मागे गेला. गाडीत दोघांना शेजारी जागा मिळाली, पण परतूरपर्यंत गोजरबाई बाहेर बघत होत्या. जालन्याला त्याने त्यांना काचेच्या बांगड्या घेऊन दिल्या. भोकरदनला त्या एवढेच म्हणाल्या की खिडकी लावा, वारं लागून राह्यलं. त्यावरून मिटल्याचे कडूबाने ताडले.

ही माणुसकी झाली. संस्थेचे काम वेगळे. पुढच्या सोमवारी मंडळाची बैठक होती, कडूबा वेळेवर येऊन मोटारीत बसला आणि गोजरबाई कापूस वेचायला गेल्या. त्याच बैठकीत कडूबाने दुसरा ठराव मांडला की ढकलणाऱ्यांना थोडे शिकवून घ्यावे, कारण डाव्या बाजूचे लोक कमी पडतात. कांताबाई शाळा सुटल्यावर तिकडून चालल्या होत्या. त्यांनी खिडकीशी थांबून विचारले, "कडूबा, आम्ही तुला आत कशाला बसवलं होतं?" कडूबाला खिडकीची काच खाली करता आली नाही. ती त्या दिवशी अडकली होती.

ही हकीकत मी ठिकठिकाणी सांगतो तेव्हा काही विचारी श्रोते मला प्रश्न करतात. शहाणी, शिकलेली, नोकरीपाण्याची माणसे असतात. ती म्हणतात, हे ढकलणारे लोक ढकलायचे सोडून का देत नाहीत? उघड दिसत असताना पुन्हा पुन्हा हात लावतात, म्हणजे कमाल आहे! मी त्यांच्याशी वाद घालत नाही. हा प्रश्न नेहमी रस्त्याच्या मधोमध, हात मागे बांधून उभे असलेले लोकच विचारतात असा माझा अनुभव आहे, आणि ते मोटारीच्या वाटेत येतात. म्हणून मी खिडकीतून डोके काढून त्यांना नम्रपणे सांगतो की साहेब, एक तर बाजूला व्हा, नाही तर हात लावा. आजवर एकानेही बाजूला होणे पसंत केलेले नाही.

तुम्हीही आता इथवर चालत आलाच आहात. मागे डाव्या बाजूला जागा आहे. तेवढ्या चपला काढून या, चढावर घसरतात.